तुकडीला एक पोर कमी

भागाबाईच्या दारात कुंदाबाई आणि पुना मास्तर एकाच वेळी पोहोचले. मे महिन्याचं ऊन होतं. मास्तरांच्या डोक्याला ओला रुमाल, बाईंच्या डोक्यावर पदर. रस्त्याच्या एका बाजूला बाईंची खाजगी शाळा, दुसऱ्या बाजूला मास्तरांची सरकारी. पिंप्राळ्यात दर उन्हाळ्यात दोन्हीकडचे शिक्षक असे पोरं शोधत फिरत. पट भरला नाही तर तुकडी जाई, आणि तुकडीबरोबर शिक्षक.

"बाई, हे घर माझं होतं," मास्तर हसत म्हणाले.

"तुम्हाला सरकार दुसऱ्या गावी पाठवेल, सर. मला घरीच पाठवतील."

कुंदाबाईंना दर एप्रिलात कमी करत, जूनमध्ये पुन्हा घेत. यंदा दुसरी तुकडी मिळाली की कायम करतो, असं संस्थेचे सचिव पितांबरनाना म्हणाले होते. तुकडीला एकच पोर कमी पडत होतं.

भागाबाई भांडी घासत होती. मान वर न करता तिने अहिराणीत विचारलं, "मनी पोर शिकाडाले लई जाई राहिनात, का नोकरी टिकाडाले?"

मास्तर रस्त्याकडे पाहू लागले.

"दोन्हीसाठी, अक्का," कुंदाबाई म्हणाल्या. "पण शिकवीन मी स्वतः."

एवढ्यावर भागाबाई कबूल झाली. तिच्या मंगलीने बाईंनी दिलेलं चित्रांचं पुस्तक पार नाकाशी नेलं.

जूनमध्ये बाईंच्या शाळेच्या गणवेशाचा लाल चौकडीचा नवा फ्रॉक घालून मंगली आईबरोबर शाळेत आली. तुकडी मंजूर झाली होती. पण तुकडीवर शिकवायला नानांची धाकटी सून आली होती. नाना बाईंना म्हणाले, यंदा जागा नाही, पुढच्या वर्षी पाहू. पगारासाठी शिकवणारी माणसं वेगळी, तुम्हाला मुळात आवड आहे, म्हणून तर तुमच्याशी मोकळेपणाने बोलता येतं, असंही म्हणाले.

फाटकाशी बाईंनी भागाबाईला खरं ते सांगितलं. तिने मंगलीचा हात धरला.

"तुम्ही नही, ते मंग आठे कसाले?"

तिघी रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या. मास्तरांच्या वर्गात मंगलीचा लाल फ्रॉक एकटाच उठून दिसत होता.

"बाई, आता तुमचं कसं?" मास्तरांनी हळूच विचारलं.

बाईंनी ते ऐकलं नसावं. "हिला पुढे बसवा," त्या म्हणाल्या. "लांबचं दिसत नाही तिला."

रस्त्यापलीकडे प्रार्थनेची घंटा झाली. बाईंचे हात आपोआप जोडले गेले. मग त्यांनी ते पदराखाली घेतले.