गुंतलेली पोरगी

माझी प्राप्ती मुंबईला पीएचडी करते. क्वांटम का कायतरी. मी विचारलं तर म्हणाली, "आई, जागा आणि वेळ मुळात नसतातच. कण एकमेकांत गुंततात, त्यातून जागा तयार होते." म्हटलं, बाई गं, जागा नसती तर आपल्या नागावात तिचे भाव एवढे चढले असते का?

सुट्टीत आली तेव्हा ओट्यावर बसून मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "दोघं कितीही लांब असले तरी गुंतलेलेच!" शेजारची वेणूबाई कुंपणापलीकडे सुकट वाळत घालत होती. झालं! संध्याकाळपर्यंत गावभर एकच: चंदाबाईची पोर गुंतलीय, मुलगा लांबचा हाय.

आणि रविवारी पालीचं स्थळ बघायला येणार! मुलगा बँकेत, माणसं चांगली. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. दारोदार फिरले. "अगो, कण गुंतलेत, कण!" तर समोरची रंगू म्हणते, "कण? कुठल्या गावचे?" डोकं फोडून घ्यावंसं वाटलं. एकीला गप्प केलं की चौघी तीच गोष्ट पहिल्यापासून सांगायच्या. एखादी मधलं विसरली तर बाकीच्या तिला दुरुस्त करायच्या.

घरी येऊन प्राप्तीला हे सगळं सांगत तिच्यावर ओरडले. तर कार्टी हसायलाच लागली. "आई, हाच तर माझा विषय! आतली गोष्ट बाहेरच्या कडेवर सगळीकडे पसरून ठेवलेली असते. कडेचा तुकडा गेला तरी उरलेल्यातून आतलं परत मिळतं. चूक दुरुस्त होते."

"आतलं मला ठाऊक हाय! तुला लग्न करायचंय."

तिचं हसू गेलं. "तीनदा नको म्हटलं, आई. दर वेळी तूच दुरुस्त करून घेतलंस. आधी 'लाजतेय', मग 'दमलीय', मग 'पोरकट हाय अजून'."

खरंच म्हणाली होती. मला ऐकूही आलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. पालीची, मुलाची आई. "चंदाबाई, पोरगी कुठं गुंतलीय म्हणतात. खरं का?"

न्हाय म्हणायचं, की रविवार वाचला. कुंपणापलीकडे वेणूबाईचा हात थांबला होता. प्राप्ती खाली मान घालून बसलेली.

"ते खोटं," मी म्हटलं. "पण तिला लग्न नकोय. नको म्हणजे नकोच. कोणी विचारलं तर जसंच्या तसं सांगा."