बांधावरची खुर्ची

लेक परदेशी गेला तेव्हा मी गावभर मिरवले. का नाही मिरवणार? फरशीचं घर झालं, लोखंडी फाटक बसलं. ज्या बायका मला दारातूनच वाटेला लावायच्या, त्या लग्नकार्यात हाताला धरून पुढं बसवू लागल्या.

पण बसवलं ते बसवलंच. घाण होते म्हणून गुरं विकली. दारात नळ आला. कामाचं नाव काढलं की लेक फोनवर चिडायचा. तो तिकडं उन्हात लोखंड बांधतो, ते आईनं लोकांच्या शेतात वाकावं म्हणून नव्हे. सूनबाई ताटसुद्धा हातात आणून देते. आजारी नसून आजारपण.

उभा जन्म मी निंदणीच्या टोळीत, लोकांच्या पिकातलं गवत पात धरून, म्हणजे ओळीओळीनं, खुरपत काढला. टोळीची मुकादमीण माझी जिवाभावाची, आणि तोंडानं माझ्याहून तिखट. तुझ्या पातीत गवत राहिलंय म्हटलं की म्हणायची, तुझ्या डोळ्यात राहिलंय, भवाने. बायका हसून हसून खाली बसायच्या.

परवा सून माहेरी गेली. मी जुनं पातळ नेसले, खुरपं घेतलं आणि मागच्या दारानं निघाले. स्वतःच्याच घरातून, चोरासारखी.

शेतात मला बघून टोळीतल्या बायका पदर सावरून बाजूला सरकल्या. मी एक पात धरली. चार हात सरकले नाही तोच शेतमालक पळत आला. पूर्वी पाणी प्यायला उठलं तरी हा बाबा खेकसायचा. आता म्हणे, तुमच्या लेकाच्या ओळखीनं माझ्या पोराला तिकडं लावायचंय, आणि तुम्हीच मातीत बसलात तर मी काय तोंड दाखवू? त्यानं बांधावर खुर्ची मांडली. खुरपं अदबीनं मागून घेतलं. हिसकावलं असतं तर मी भांडले तरी असते.

मुकादमीण पात काढत जवळ आली. तिच्याही पोराला तिकडं जायचंय, हे मला ठाऊक होतं. तरी मुद्दाम म्हटलं, "अगं ए, तुझ्या पातीत गवत राहिलंय बघ."

आणि वाट बघत बसले. डोळ्यावरून, फरशीवरून, कशावरून तरी देईल ठेवून.

ती मुकाट मागं गेली. गवत नव्हतंच तिथं. तिनं नुसतीच माती उकरली.

"काढलं हो, बाई," ती म्हणाली. मान वर न करता.

मालकानं मला गाडीनं घरी सोडलं. फाटक त्यानंच उघडलं आणि मी आत गेल्यावर नीट ओढून लावूनही घेतलं.