बाईसाहेबांचे पाय

एप्रिल लागला आणि बाईसाहेबांची शेपटी तांबूस पडली.

बाईसाहेब म्हणजे कुंडीतलं यूचं झाड, सुईसारख्या पानांचं, बारमाही हिरवं. हेस्टरच्या आईनं वर्षानुवर्षं कात्री चालवून त्याची कोंबडी केली होती: फुगलेली छाती, आखूड मान, वर उचललेली शेपटी. आई ऑक्टोबरात गेली. घर रिकामं करताना बाकीचं सगळं वाटून टाकलं. हेस्टरनं ही कुंडी तेवढी आपल्या भाड्याच्या घरामागच्या फरशीवर आणून ठेवली. घरमालकाच्या फरशीला डाग नकोत म्हणून खाली खोलगट थाळी दिली.

तेव्हापासून तिच्या जिवाला चैन नव्हतं. सकाळी उठल्याबरोबर ती खिडकीशी जाई. सुया गळल्या का? रंग उतरला का? शंका आली की पाणी घाली, आणि शंका रोज येई. आता तांबूसपणा पाठीवर चढत होता. हे झाड गेलं की आईच्या हातचं दुसरं काही उरणार नव्हतं.

रविवारी मॅव्हिस मावशी आली. कोट न काढताच मागच्या दारानं बाहेर गेली आणि कुंडीशी वाकली.

"कुजका वास येतोय. किती पाणी पाजतेस गं हिला?"

"रोज थोडंसं."

"थोडंसं! खाली तळं केलंयस. तुझी आई काय सांगायची? बाईसाहेबांना ऊन चालेल, सावली चालेल, बर्फसुद्धा चालेल. पाय ओले झालेले खपायचे नाहीत."

"ती गमतीनं म्हणायची."

"झाडांची गंमत ती कधी करायची नाही. माझ्या नवऱ्याची करायची." मावशीनं पिशवीतून भाजक्या मातीचे तीन ठोकळे काढले. "हे तुझ्या आईच्या पायरीशी पडले होते. तुला विटांचे तुकडे वाटले असतील."

वाटले होते खरे. कुंडी उचलून धरणारे पाय होते ते.

दोघींनी कुंडी आडवी करून झाड ओढून काढलं. निम्मी मुळं काळी पडली होती; बोट लावताच साल सुटून येत होती. ती कापून टाकली, नव्या मातीत भरपूर खडी मिसळली, कुंडी तीन पायांवर उभी केली. मग मावशीनं कात्री पुढे केली.

"आता वरचं उतरव. मुळं निम्मी, तर भारही निम्माच हवा. शेपटी आणि पाठ, पार खोडापर्यंत."

"मग कोंबडी कुठली राहिली?"

"कोंबडी हवी की झाड?"

"जुन्या लाकडाला फूट आली नाही तर?"

"यूला येते. देवदार असता तर मीच तुझा हात धरून थांबवलं असतं. पण खात्री मागू नकोस, हेस्टर. माझ्याकडे नाही."

हेस्टरला चमचा आठवला. शेवटी शेवटी आई ओठ मिटून घ्यायची आणि ती चमचा पुढे करतच राहायची. 'पुरे गं,' आई म्हणाली होती. त्यावर तिनं आणखी एक चमचा भरला होता.

तिनं कात्री घेतली. आधी शेपटी पडली.

"काडी न काडी गोळा कर," मावशी पोतं उघडत म्हणाली. "कुंपणापलीकडे मेंढ्या आहेत. हिचा विषारी पाला चघळला तर आडव्या होतील. मग बाईसाहेबांबरोबर आपल्यालाही गाव सोडावं लागेल."

हेस्टर हसली, आणि मग बराच वेळ खाली वाकून काड्या वेचत राहिली.

पुढचे आठवडे जड गेले. एका अंगानं कोंबडी, दुसऱ्या अंगानं नुसती काठी. झारीकडे हात जाई. ती आधी मातीत बोट खुपसून पाही आणि ओल लागली की मागे फिरे. पाणी न घालणं पाणी घालण्यापेक्षा अवघड होतं.

जूनमध्ये एका सकाळी उघड्या खोडावर हिरवे ठिपके दिसले. शेवाळ असणार, तिला वाटलं. खिडकीतून कळेना. ती अनवाणीच बाहेर गेली, झारी हातात घेऊनच. एका ठिपक्यावर बोट ठेवलं. तो पुसला गेला नाही. टणक होता, टोकाला किंचित अणकुचीदार. त्याच्याखाली दुसरा होता.

सवयीनं झारी उचलली गेली. तिनं मातीत बोट घातलं. खाली ओल होती.

झारीतलं पाणी तिनं गटारात ओतलं आणि झारी भिंतीशी उलटी घालून ठेवली.