स्पिरिट आणि पावडर

रूपा सिस्टरच्या हाताला गुण आहे, असं मेडिसिन वॉर्डात सगळेच म्हणायचे, आणि रूपालाही ते खरं वाटायचं. का वाटू नये? अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची पाठ लाल दिसली, की ही बाई बाह्या सरसावून पुढं. तळहातावर स्पिरिट, मग पावडर, आणि ती लाल जागा अशी खसाखसा चोळायची की बघणाऱ्यालाच घाम फुटावा. चोळलं की रक्त फिरतं, रक्त फिरलं की जखम होत नाही. नर्सिंग कॉलेजात तिला हेच शिकवलं होतं, आणि पुढं तिनं कितीतरी पोरींना हेच शिकवलं.

मग आली मोनिका. नुकतीच नोकरीला लागलेली, आणि जिभेला हाड म्हणून नाही!

"मॅडम, लाल जागा चोळायची नसते. आतून आणखी इजा होते. बाहेरच्या देशांत कधीच बंद केलंय हे."

रूपा अशी भडकली म्हणता! वॉर्डातल्यांना वाटलं, सिनिअरपणा दुखावला. तसं नव्हतं. मागं फुलंब्रीला तिची माय लकवा होऊन पडली, तेव्हा ड्युटी संपली की रोज गावी जाऊन रूपानंच तिची पाठ चोळली होती. तरी जखम झालीच, चिघळली, आणि तिच्यातच माय गेली. पण गावात अजून म्हणतात, लेकीनं सेवा करावी तर अशी. मायच्या मागं रूपाकडं तेवढंच समाधान उरलं होतं. ते या काल आलेल्या पोरीनं काढून घ्यायचं?

"पुस्तकातलं मला सांगू नको," ती म्हणाली. "आपल्याच पेशंटवर बघू. दाखवूनच देते तुला."

आणि खरंच कंबर कसली बाईनं. मेट्रन सत्यभामाबाईंना गळ घातली, हॉस्पिटलच्या समितीची परवानगी काढली, नातेवाइकांना समजावून त्यांची संमती घेतली. एका वॉर्डात नेहमीसारखं चोळायचं, दुसऱ्यात अजिबात नाही. कूस बदलणं, कातडी कोरडी ठेवणं दोन्हीकडं सारखं. आणि पाठी तपासायच्या तिसऱ्याच वॉर्डातल्या नर्सनं, म्हणजे रूपानं सोयीचं लिहिलं असं कुणी म्हणायला नको.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. हिशेब हाती आला तेव्हा रूपानं तो मोनिकाला पुन्हा करायला लावला. मग स्वतः केला. चोळलेल्या वॉर्डात जखमा जास्त होत्या, आणि थोड्याथोडक्या नव्हे. मोनिका खूश होऊन काहीतरी बोलायला गेली, पण रूपाचं तोंड बघून तिनं नुसते कागद आवरले.

पेशंट कमी पडले, अजून वर्षभर बघू, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. मनात आलंही तिच्या, का येऊ नये? पण त्या वर्षात अजून किती पाठी सोलल्या गेल्या असत्या! मीटिंगमध्ये उभी राहून तिनं सगळं सांगितलं. सत्यभामाबाईंनी तिथल्या तिथं सांगून टाकलं, आजपासून कुठल्याच वॉर्डात लाल जागा चोळायची नाही. टाळ्या वाजल्या. रूपाला त्या ऐकवेनात.

संध्याकाळी ती फुलंब्रीला गेली. तिचा बाप कडुबा खुब्याचं हाड मोडल्यापासून कॉटवरच होता. रूपानं घरात पाऊल टाकलं, तर वहिनी त्याला कुशीवर करून पाठ चोळत होती. रूपानं शिकवलं होतं, अगदी तस्संच.

"वहिनी, थांबा. चोळू नका."

"का हो ताई? लाल झालीय ना."

"चोळल्यानं जखम वाढते. हॉस्पिटलात आम्ही करून बघितलं."

वहिनीनं चटकन हात काढला. म्हाताऱ्याचे कान मात्र तिखट.

"वाढती?"

"व्हय, दादा."

"मग तुझ्या मायची?"

मायचं दुखणं वेगळं होतं, एवढं रूपानं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मग ती शहरात परतली की म्हातारा वहिनीला पुन्हा चोळायला लावणार, आमच्या लेकीची रीत हाय म्हणून. बापाला ती पुरती ओळखून होती.

"तिचीबी वाढली असंल, दादा. माझ्याच हातानं." आणि रूपा हमसाहमशी रडायला लागली.



"तू चोळाया लागली की ती वरडायची," कडुबा म्हणाला. "नको गं, आग व्हती, म्हणायची."

"व्हय."

"तू म्हणायचीस, सोस जरा, तुझ्याच भल्याचं हाय. अन् मी तिचा लकव्यातनं वाचलेला हात धरून ठेवायचो. लई जोर लावायचो गं, रूपा. लई सुटाया बघायची ती."

त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. पांघरुणाखाली त्याची पाठ गदगदत होती, आणि तिच्यावर हात ठेवायचा धीर रूपाला होईना.