छताला टेकलेल्या भिंती

ओतासिलिओच्या घरात भिंती होत्या, पण छताला एकही टेकत नव्हती. डोक्याच्या वर हातभर गेल्या की थांबायच्या, आणि सगळ्या घरावर काँक्रीटचं एकच भलंमोठं छत. सिमेंट कमी पडलं म्हणून नव्हे हो! भिंत आली की माझं-तुझं आलं, माणूस माणसाला परका झाला, असा त्याचा सिद्धान्त. ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या वास्तुशाळेत तो हेच शिकवायचा आणि त्या वर्षांत निम्मी शाळा असलीच घरं काढत होती. लष्करी राजवटीत बाहेर बोलायची चोरी, निदान घरं तरी मोकळी असू देत, म्हणायची मंडळी.

शनिवारी विद्यार्थी घर पाहायला आले. शेगडीवर काळ्या घेवड्याचं भांडं रटरटत होतं. इरासी नावाची एक चौकस मुलगी हिंडत हिंडत थेट मागं, धुण्याच्या जागेपर्यंत गेली आणि तिथूनच ओरडली, "सर, ही खोली कुणाची? हिच्या भिंती छताला टेकल्यात. दारसुद्धा आहे!"

"जुरेमाची. आमच्याकडे कामाला असते ती," ओतासिलिओ म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. मोलकरणीची खोली मागं आणि बंद. बापाच्या घरात तशी, आजोबांच्या घरात तशी. नकाशा काढताना हातानं आपसूक तशीच काढली होती, डोक्याला विचारलंच नव्हतं.

"म्हणजे समता घरच्यांपुरतीच का, सर?" इरासीनं चिमटा काढला.

"सोमवारी गवंडी बोलावतो," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "ही भिंतही कापायची, दारही काढायचं. जुरेमा काय परकी आहे?"

आणि गंमत बघा, वाढता वाढता बायकोचा, नोएमियाचा, डाव हवेतच थांबला. "एवढी काय घाई आहे?" म्हणाली. त्याची आई, झुल्मिरा, कधी नव्हे ती मध्ये पडली, "अरे, राहू दे ना बिचारीची खोली!" घर बांधताना या दोघींनी हूं की चूं केलं नव्हतं. मग आज मोलकरणीच्या दारासाठी इतका जीव का तुटतोय? त्याला काही चैन पडेना.

विद्यार्थी गेल्यावर जुरेमालाच विचारावं म्हणून तो मागं गेला. ती उपड्या बादलीवर बसून तांदूळ निवडत होती. खोलीचं दार बंद, आणि आतून भांडणाचा आवाज.

"आत कोण आहे गं?"

"आईसाहेब. तुमच्या वडिलांशी भांडतायत."

"वडील जाऊन किती वर्षं झाली!"

"म्हणून काय झालं? रोज दुपारी भांडतात. त्यांचं झालं की बाईंची पाळी. त्या रडायला येतात."

"नोएमिया रडते? कशासाठी?"

"ते तुम्ही त्यांनाच विचारा."

"मला कधी ऐकू कसं नाही आलं?"

"ऐकू येऊ नये म्हणून तर इथं येतात, साहेब! तिकडं एक शिंकला तर चौघं दचकतात."

"मग तू कुठं बसतेस?"

"ही काय, बादलीवर." जुरेमानं ताट खाली ठेवलं. "भिंत नका कापू, साहेब. जन्मात पहिल्यांदा कडी असलेलं दार मिळालंय मला. जमलं तर त्यांनाही एकेक दार करून द्या, म्हणजे माझी खोली मला मिळेल."

तेवढ्यात आई डोळे पुसत बाहेर आली, लेकाला पाहून चपापली आणि लगबगीनं निघून गेली. स्वयंपाकघरातली भांडी, रेडिओ, कुणाचं तरी खोकणं, सगळं घर छताखालून त्याच्या कानावर येत होतं.

"जुरेमा," तो हळूच म्हणाला, "मी जरा आत बसू? मला विचार करायचाय."

जुरेमानं त्याच्याकडे पाहिलं आणि बादली सावलीत ओढून घेतली. "बसा. वरची कडी लावा, खालची लागत नाही."

त्यानं वरची कडी लावली. लाज वाटत होती, भयंकर लाज वाटत होती, पण कडी काही त्यानं काढली नाही.