झाकलेला तीळ

थोरलीनं बावीस वर्षं दुसऱ्यांच्या हातापायांवरचे केस काढण्यात घालवली होती आणि त्याची तिला कधी लाज वाटली नव्हती. बाजारामागच्या गल्लीत तिचं दोन खोल्यांचं पार्लर होतं. पुढच्या खोलीत आरसा आणि दोन खुर्च्या, मागच्या खोलीत पडदा, उंच पलंग आणि कोपऱ्यात दिवसभर मंद आचेवर तापत राहणारं मेणाचं भांडं. कोण पट्टी ओढायच्या आधीच किंचाळतं आणि कोण किंचाळू नये म्हणून नवऱ्याच्या कागाळ्या सांगत बसतं, हे तिच्या बोटांना पाठ होतं.

तिचं सगळ्यात नेमाचं गिऱ्हाईक म्हणजे तिची धाकटी बहीण. धाकटी पोहायला शिकवायची. गळ्यात शिट्टी, आखूड चड्डी, आणि दिवसभर उघड्या तलावाच्या काठावर उभं राहणं. पाय झाकायची सोयच नाही. त्यामुळे बारा वर्षं दर महिन्याला ती थोरलीच्या पलंगावर पालथी पडायची, आणि दोघी बहिणी मनसोक्त गप्पा मारायच्या. ते वॅक्सिंग कमी आणि माहेरपण जास्त असायचं.

मग एकाएकी धाकटी यायची बंद झाली. एकदा म्हणाली, तलावावर स्पर्धा आहेत. एकदा म्हणाली, पाठ धरलीये. एकदा तर म्हणाली, "अगं ताई, हल्ली केसच येत नाहीत फारसे. वय झालं असेल."

"छत्तिसाव्या वर्षी?" थोरलीनं विचारलं. पलीकडून फोन घाईघाईनं ठेवला गेला.

आठ महिने झाले तेव्हा थोरलीच्या मनात नको नको ते यायला लागलं. नवराबायकोचं काही बिनसलं असेल का? धाकटीचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, आणि सगळे त्याला घड्याळजीच म्हणत. शांत माणूस. इतका शांत की थोरलीला कधी कधी त्याचाच संशय यायचा. शेवटी एका रविवारी दुपारी तिनं पार्लरला कुलूप लावलं, पिशवीभर द्राक्षं घेतली आणि न कळवता बहिणीचं घर गाठलं.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत कुणी दिसेना. ती चपला काढत होती, तेवढ्यात आतल्या खोलीच्या दाराखालच्या फटीतून लख्ख उजेड चमकला. पुन्हा चमकला. मग पुन्हा.

"अगं बाई, शॉर्टसर्किट!" थोरली ओरडली आणि द्राक्षं टाकून तिनं दाराजवळचा मेन स्विच धाडकन खाली ओढला.

आतून धाकटीचा आवाज आला, "अहो, लाईट गेली का?"

थोरलीनं दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थिजली. पडदे ओढलेले. पलंगावर धाकटी पालथी, पाय गुडघ्याच्या वरपर्यंत उघडे. तिच्या पायाशी स्टुलावर घड्याळजी बसलेला. डोळ्यांवर काळाकुट्ट गॉगल आणि हातात केस वाळवायच्या यंत्रासारखं काहीतरी पांढरं.

"काय चाललंय काय हे?" थोरलीला एवढंच सुचलं.

घड्याळजीनं गॉगल कपाळावर सरकवला. "ताई, तुम्ही... बसा ना."

"कुठे बसू?"

धाकटी चादर ओढत उठली. चेहरा कानांपर्यंत लाल. "ताई, मी सांगणारच होते तुला. केस काढायचं मशीन आहे. उजेडानं निघतात. निघतात म्हणजे, पंधरा दिवसांनी एकदा फिरवायचं, मग हळूहळू यायचे बंद होतात."

थोरलीला या यंत्राची माहिती चांगली होती. तिची दोन चांगली गिऱ्हाइकं त्यानंच पळवली होती. पण सख्खी बहीण? आणि ती पालथी पडल्यावर थोरलीच्या जागी बसलाय कोण, तर तिचा नवरा!

"आठ महिने," ती म्हणाली. "आठ महिने मला बनवत होतीस? वय झालं म्हणे! मी आपली जीव टांगणीला लावून बसलेय, की हिच्या घरात काय झालं."

"वॅक्सनंतर क्लोरीनचं पाणी लागून पायांची नुसती आग व्हायची गं. बारीक बारीक फोड यायचे. तुला सांगितलं असतं तर तुझं मन दुखलं असतं."

"आणि आता काय सुखावलंय का?"

घड्याळजी मध्ये पडला. बिचाऱ्याला वाटलं, कामाचं सांगितलं की बाईंचा राग उतरेल. "ताई, सगळं पुस्तिकेत दिलंय तसंच करतो बरं का आम्ही. पाय आधी कोरडे करायचे, गॉगल लावायचा, आणि तिळावर उजेड मारायचा नाही. तीळ पांढऱ्या कागदानं झाकायचा. मी दुकानातली गोल लेबलं वापरतो, घड्याळांना नंबर टाकायची. हे बघा."

त्यानं धाकटीची उजवी पोटरी दाखवली. तिथे दोन छोटी पांढरी लेबलं एकमेकांवर थोडी चढवून चिकटवली होती.

"आधी एकात भागायचं," तो म्हणाला. "हल्ली दोन लागतात."

तो हे अगदी सहज बोलला. पण थोरलीच्या तोंडातलं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. तिला तो तीळ माहीत होता. लहानपणापासून होता. मसुरीच्या दाण्याएवढा, गोल, तपकिरी. बारा वर्षं ती मेण लावताना त्याला वळसा घालत आली होती.

"दोन का लागतात?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"तीळ तेवढाच आहे ना? मग दोन का लागतात, भाऊजी?"

थोरलीनं जाऊन पडदा सरकवला, दुपारचं ऊन आत आलं. ती पलंगाच्या कडेला बसली, बहिणीचा पाय मांडीवर घेतला आणि नखानं हळूच लेबलं सोलली.

मसुरीचा दाणा कुठेच नव्हता. त्याच्या जागी ओल्या कागदावर शाई सांडावी तसं काहीतरी पसरलं होतं. एका बाजूला काळं, दुसऱ्या बाजूला तपकिरी, आणि एका टोकाला निळसर झाक. कडा कुरतडल्यासारखी. आठ महिन्यांपूर्वीचा तो तीळ तिला डोळ्यांसमोर स्वच्छ दिसत होता, आणि हा तो नव्हता.

"काय आहे गं?" धाकटी मान वळवून बघायचा प्रयत्न करत होती. "मला दिसत नाही तिथलं. काय आहे?"

"उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचं," थोरली म्हणाली. "मी येते बरोबर."

"उद्या माझी लहान मुलांची बॅच आहे."

"बॅच गेली खड्ड्यात!"

थोरली बहिणीवर असं कधी ओरडली नव्हती. धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. तोवर घड्याळजीनं खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं होतं. पाच-सात सेकंद त्यानं पोटरीकडे पाहिलं, मग भिंग काढलं आणि तो स्टुलावरून उठून सरळ मोरीत गेला. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. बराच वेळ तो नळ चालूच होता.

त्वचेची डॉक्टर चाळिशीतली, मोजकं बोलणारी बाई होती. तिनं दिव्याचं एक लहान उपकरण तिळावर टेकवलं आणि वाकून पाहत राहिली. थोरली तिचा चेहरा न्याहाळत होती. माणसं काय लपवतात ते चेहऱ्यावर शोधायची तिला सवय होती. पण डॉक्टरांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

"कधीपासून वाढतोय?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला माहीतच नाही," धाकटी म्हणाली.

"चौदा आठवडे," मागून घड्याळजी बोलला. "चौदा आठवड्यांपूर्वी पहिल्यांदा दुसरं लेबल लावावं लागलं."

डॉक्टरांनी लेबलाचं प्रकरण ऐकून घेतलं. त्या हसल्या नाहीत. "हा आजच काढू," म्हणाल्या, "आणि तपासायला पाठवू."

रिपोर्ट यायला नऊ दिवस होते. ते नऊ दिवस तिघांनी कसे काढले ते तिघांनाच ठाऊक. घड्याळजी दुकानात जायचा, घड्याळ उघडायचा आणि तसंच उघडं ठेवून घरी यायचा. चाकात अडकलेला केसभर धागा ज्याला दिसायचा, त्याला बायकोच्या पायावर पसरलेलं दिसलं नव्हतं. त्याचं जेवण निम्म्यावर आलं. धाकटी मात्र सगळ्यांवर तोंड टाकत सुटली. चहा पांचट झाला म्हणून, टॉवेल ओला राहिला म्हणून.

सहाव्या दिवशी थोरली डबा घेऊन गेली तेव्हा ती तिच्यावरही घसरली.

"तू तर बारा वर्षं दर महिन्याला बघत होतीस ना तो तीळ? एकदा तरी म्हणालीस, दाखवून ये म्हणून?"

थोरलीला कुणीतरी मुस्कटात मारल्यासारखं झालं. ती डबा ठेवून खुर्चीवर बसली. खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं.

"नाही म्हणाले," ती म्हणाली. "मला तीळ म्हणजे पट्टीला अडणारी एक जागा, एवढंच वाटायचं. खरं सांगू? तू दर महिन्याला येत राहिली असतीस, तर कदाचित आताही मला कळलं नसतं. रोजच्या माणसाचं वाढलेलं पोट दिसत नाही, तसं. आठ महिने तू मला बनवलंस म्हणून मला फरक दिसला."

 एकदम धाकटीचं तोंड वाकडं झालं आणि ती हमसून हमसून रडायला लागली. "ताई, मला फार भीती वाटतेय गं."

"मलाही," थोरली म्हणाली. दोघी तशाच बसून राहिल्या. डबा कुणी उघडला नाही.

नवव्या दिवशी डॉक्टरांनी तिघांनाही आत बोलावलं. तीन खुर्च्या आधीच मांडलेल्या पाहून थोरली काय ते समजली.

"हा कॅन्सर आहे," डॉक्टर म्हणाल्या. "त्वचेचा. मेलानोमा म्हणतात याला." जरा थांबून त्यांनी कागद तिघांसमोर ठेवला. "पण वरच्या वर सापडलाय. खोल गेलेला नाही. आजूबाजूची थोडी जागा आणखी काढू. त्यानंतर बहुधा दुसरं काही करावं लागणार नाही, फक्त तपासायला येत राहायचं."

थोरलीला पहिल्या वाक्यानंतरचं काही ऐकूच आलं नाही. समोर डॉक्टरांचे ओठ हलत होते. छत्तीस वर्षांची ही पोर. हिला कडेवर घेऊन मी अख्खी गल्ली फिरायचे. असलं काहीतरी म्हाताऱ्या माणसांना होतं, अनोळखी माणसांना होतं.

"त्या मशीननं झालं का?" घड्याळजीनं विचारलं. नऊ दिवस तो हाच प्रश्न गिळून बसला होता. "मी मारत होतो उजेड. मी."

"मशीननं झालं असं म्हणता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "यांचा सगळा दिवस उन्हात जातो, ते कारण मला जास्त जवळचं वाटतं. उलट तुम्ही तिळावर उजेड मारला असता, तर त्याचा रंग भाजून फिका पडला असता आणि मला तो ओळखायला जड गेलं असतं. झाकलंत ते बरोबरच केलंत."

घड्याळजीनं मान हलवली.

"फक्त झाकण्याआधी कुणाला तरी दाखवायला हवा होता," त्या पुढे म्हणाल्या. "ते तुम्हालाच नाही, सगळ्यांनाच सांगते मी."

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. पोटरीत बोटभर लांबीची खाच पडली. आधी टाके, मग काठी, मग लंगडत चालणं. डॉक्टरांनी उन्हातलं काम बंद करायला सांगितलं तेव्हा धाकटी दोन दिवस धुमसली. मग तलावाच्या मालकाला भेटून तिनं सकाळी लवकरची बॅच मागून घेतली. आता ती घोट्यापर्यंत विजार आणि लांब बाह्यांचा सदरा घालून शिट्टी फुंकते. तिची पोरं तिला पेंग्विन म्हणतात, आणि तिला ते आवडतं.

घड्याळजी महिन्याभरानं पुन्हा दुकानात रमला. पण दर रविवारी सकाळी तो बायकोला खिडकीशी उभी करून तिची पाठ, मान, तळपाय सगळं बघतो. "पोलिसासारखे बघतात गं," धाकटी तक्रार करते, आणि हालचाल न करता उभी राहते.

तीन महिन्यांनी पहिली तपासणी होती. या खेपेला थोरली एकटीच तिच्याबरोबर गेली. इतक्या दिवसांत ती कुठेही ढेपाळली नव्हती. डबे पोचवले, फॉर्म भरले, रांगेत उभी राहिली, ऑपरेशनच्या दिवशी घड्याळजीला धीर दिला. धाकटी आतून बाहेर आली तेव्हा हसत होती.

"स्वच्छ आहे," ती म्हणाली. "आता तीन महिन्यांनी. चल, काहीतरी खाऊ या, मला सपाटून भूक लागलीये."

थोरली उठायला गेली आणि तिला उठताच येईना. पाय आपले नसल्यासारखे. तिनं बाकाची कड धरली, पुन्हा जोर लावला, पुन्हा बसली. मग तिच्या दातावर दात आपटायला लागले, हात थरथरायला लागले, आणि ते थांबवणं तिच्या हातात राहिलं नाही.

"ताई? अगं, काय होतंय?" धाकटी घाबरून खाली बसली. "चांगलं सांगितलंय डॉक्टरांनी. ऐकलंस ना? सगळं चांगलं आहे."

"ऐकलं," थोरली कशीबशी म्हणाली. "कॅन्सर झाला होता गं तुला."

"हो."

"तुला. कॅन्सर."

"हो गं ताई."

समोरून एक परिचारिका पाण्याचा पेला घेऊन आली आणि विचारू लागली, यातली पेशंट कोण? धाकटीनं पेला घेतला, बहिणीच्या ओठांना लावला आणि म्हणाली, "आता ही."