भिंतीपलीकडचा कान

या, जरा पुढे सरका, पाठीमागच्यांनो, तुम्हीही. देवाचं नाव घेऊन एका भिंतीची गोष्ट सांगतो.

मोठ्या शहरात एक व्हायोलिनवाला राहत असे. खोली एवढी अरुंद, की गज ताणला की कोपर कपाटाला लागायचं. त्याला घरी न्यायला थोरला भाऊ टेम्पो घेऊन आला होता. सामान चढलं होतं. हातात उरलं होतं फक्त वाद्य.

"एवढ्याच भाड्यात आपल्याकडे अंगणासकट घर मिळतं," दादा म्हणाला. "इथं काय सोनं लागलंय?"

"इथं मावशी आहेत."

"शेजारच्या? त्या भिंत बडवणाऱ्या?"

त्याच. मावशींनी जन्मभर गाणं शिकवलेलं. याचा सूर जरा ढळला, की पलीकडून भिंतीवर काठी आपटे. नीट लागला, की शांतता. गावाकडे चुकलं तरी वाहवा व्हायची, म्हणून तर हा इथे आला होता. पण दादाचा शब्द मोडवेना.

"निरोप तरी घेतो," म्हणत त्याने मावशींची आवडती चाल धरली आणि पंचम मुद्दाम उतरवला. शेवटची एक काठी ऐकायची होती.

भिंत गप्प.

"बघ! जाता जाता पास झालास," दादा हसला.

याला ते पटेना. पुन्हा वाजवलं, कान किटतील इतकं बेसूर. भिंत गप्पच.

"दादा, काहीतरी झालंय. एवढं ऐकून त्या सोडायच्या नाहीत."

"अरे, डुलकी लागली असेल. टेम्पोवाला खोळंबलाय..."

हा केव्हाच बाहेर धावला होता. दार ठोठावलं, हाका मारल्या. आतून चकार शब्द नाही. दादाचंही हसू मावळलं. "सरक," म्हणत त्याने खांदा लावला. कडी तुटली.

मावशी ओट्याजवळ पडलेल्या. काठी घरंगळत पार उंबऱ्याशी गेलेली. चेहरा पांढराफटक, ओठ मात्र हलत होते. त्याने कान जवळ नेला.

"पंचम... उतरला होता, मेल्या."

त्यांना त्याच टेम्पोतून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. परत आल्यावर दादाने एकदा त्या भिंतीकडे पाहिलं. मग खिडकीतून ओरडला, "टेम्पोवाले, गाद्या वर आणा!"

तेव्हा मायबापहो, उद्या कुणी तुमची चूक तोंडावर सांगितली तर राग येईल. येऊ द्या. पण जमिनीवर पडल्या पडल्याही दुसऱ्याचा सूर सांभाळणाऱ्या त्या मावशींना तेवढं आठवा.